बिडाचा की स्टीलचा? टर्बो गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड

टर्बो गाडीतल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे दोन कामे असतात. सिलिंडर हेडच्या प्रत्येक भोकातून बाहेर पडणारा जळका वायू गोळा करून टर्बोच्या तोंडाशी नेणे हे पहिले. दुसरे काम म्हणजे खुद्द टर्बोचे वजन पेलणे. बिनटर्बोच्या गाडीत हे दुसरे काम नसतेच. त्यामुळे त्या गाड्यांसाठी सांगितले जाणारे लांब नळ्यांच्या हेडरचे फायदे टर्बो गाडीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. शर्यतीच्या गाडीचे आणखी वेगळे. ती मोसमात काही तास पळते आणि दर शर्यतीनंतर उघडून तपासली जाते. रोज कामाला लागणारी गाडी मात्र वर्षाचे बाराही महिने पहाटे थंड सुरू होते, तापते, थांबते, पुन्हा तापते. तिचा मॅनिफोल्ड कुणी तपासायला जात नाही. मॅनिफोल्ड बदलण्याचा विचार करताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो.

नंदुरबार जिल्ह्यात हा फरक अधिकच ठळक होतो. एमएच-३९ पासिंगच्या टर्बो गाड्यांत बोलेरो, स्कॉर्पिओ आणि १.३ लिटर डिझेल इंजिनाच्या जुन्या स्विफ्ट-डिझायर नेहमी दिसतात. त्यांत आता छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांची भर पडते आहे. तापीकाठची नंदुरबार-शहादा-तळोद्याची सपाटी एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या वर तापते. शहाद्याहून तोरणमाळला निघालेली गाडी या सपाटीवरून सुमारे १,१५० मीटर उंचीपर्यंत चढते. तळोद्याहून धडगावला चांदसैली घाट, अक्कलकुव्याहून मोलगीला देवगोई घाट आणि सुरत-धुळे महामार्गावर कोंडाईबारी घाट लागतो. या घाटांत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, भरल्या गाडीने बराच वेळ ओढ घ्यावी लागते आणि त्या वेळात मॅनिफोल्ड सर्वाधिक तापतो. पावसाळ्यात याच रस्त्यांवर फरशीवरून वाहणारे पाणी लालबुंद नसले तरी चांगल्याच तापलेल्या धातूवर उडते. हिवाळ्यात सातपुड्यातल्या पहाटेच्या गारठ्यात गाडी सुरू केली की थंड धातूला काही सेकंदांत शेकडो अंशांचा झटका बसतो. उंचीचाही हिशेब आहे. तोरणमाळच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक अष्टमांशाने कमी असतो. तेवढाच बूस्ट राखायचा तर टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते आणि टर्बाइनवर अधिक ताण येतो.

आत काय घडते

इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग एक्झॉस्टवाटे बाहेर जातो आणि टर्बो त्यावरच चालतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून बराच दाब शिल्लक असतो, त्यामुळे वायू संथ न वाहता ठोक्या-ठोक्याने बाहेर फेकला जातो. टर्बाइनच्या चाकाला या ठोक्याचा धक्का जितका ताजा मिळेल तितका टर्बो लवकर जागा होतो. म्हणून टर्बो गाडीत मॅनिफोल्डच्या आतली पोकळी लहान असणे चांगले. लांब, रुंद, वळणावळणाच्या नळ्यांत ठोका पसरतो, थंड होतो आणि कमी आरपीएमवर गाडी आळशी वाटते. घाटात दुसऱ्या गिअरला पिकअप हवा असतो तो याच पट्ट्यात. कंपनीने दिलेला आखूड, ओबडधोबड दिसणारा बिडाचा मॅनिफोल्ड म्हणजे पैसे वाचवण्यासाठी केलेली तडजोड, असे समजले जाते. ते निम्मेच खरे आहे. रोजच्या वापरासाठी तो आकार विचारपूर्वक ठरवलेला असतो.

सिलिंडरांची संख्याही येथे महत्त्वाची ठरते. चार सिलिंडरच्या इंजिनाचा नेहमीचा फायरिंग क्रम १-३-४-२ असतो आणि दर १८० अंशांना एक ठोका येतो. एका सिलिंडरचा ठोका शेजारच्या, अजून व्हॉल्व्ह उघडा असलेल्या सिलिंडरमध्ये घुसू नये म्हणून काही इंजिनांत १-४ आणि २-३ अशा जोड्या वेगळ्या ठेवून टर्बोला दोन तोंडे दिली जातात. त्याला ट्विन-स्क्रोल म्हणतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात ठोके २४० अंशांच्या अंतराने येतात आणि एकमेकांत फारसे मिसळतच नाहीत. हल्लीच्या बोलेरोचे १,४९३ सीसी डिझेल इंजिन आणि बऱ्याच छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या तीन सिलिंडरच्या आहेत. समान लांबीच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड या इंजिनांवर बसवून हाती फार काही लागत नाही.

काही गाड्यांत तर बदलण्यासारखा वेगळा मॅनिफोल्डच नसतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय आणि फोर्ड इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्ट इंजिनात तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि कूलंट त्याच्या भोवतीने फिरते. टर्बो थेट हेडला बसतो. अशा गाडीसाठी कुणी मॅनिफोल्ड विकत असेल तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे. इतर काही गाड्यांत मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचे घर एकाच ओतकामात असते. तिथे मॅनिफोल्डला तडा म्हणजे टर्बोच्या घरालाच तडा आणि खर्चही त्या पटीत.

ताकद वाढेल का?

बहुतेक जण मॅनिफोल्डकडे ताकद वाढवण्यासाठी वळतात. रोजच्या गाडीत ही अपेक्षा फारशी पुरी होत नाही आणि त्याचे कारण इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. ईसीयू प्रत्येक आरपीएम आणि प्रत्येक लोडला किती बूस्ट हवा ते ठरवतो, इनटेक मॅनिफोल्डमधल्या प्रेशर सेन्सरकडून मोजतो आणि वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) उघडून किंवा व्हीजीटी टर्बोच्या पात्यांचा कोन बदलून तेवढाच ठेवतो. नवा मॅनिफोल्ड कितीही मोकळा असला तरी ईसीयूला हवा असलेला बूस्ट तोच राहतो. वेस्टगेट तेवढा जास्त उघडतो, इतकेच. स्कॉर्पिओच्या २.२ लिटर एमहॉक आणि इनोव्हा क्रिस्टासारख्या व्हीजीटी गाड्यांत तर हा फरक हुडकूनही सापडणार नाही. १.३ लिटर डिझेलच्या ७५ पीएस रूपात साधा वेस्टगेटचा टर्बो आहे, तिथेही खरा अडसर टर्बाइनच्या छोट्या घराचा आहे. त्याच्या आधीची नळी रुंद करून तो दूर होत नाही. मॅनिफोल्डने ताकद वाढते ती मोठा टर्बो, नवे इंजेक्टर, मोठा इंटरकूलर आणि नवे मॅपिंग एकत्र केल्यावर. तेव्हा ती गाडी रोजची उरत नाही आणि कायद्यातही बसत नाही. त्याविषयी पुढे येईलच.

म्हणून रोजच्या टर्बो गाडीत मॅनिफोल्ड बदलण्याची योग्य कारणे दोनच: जुना गळतो आहे, किंवा तो वारंवार तडकतो अथवा वाकतो आहे आणि त्याच मापाचा अधिक टिकाऊ भाग मिळतो आहे. बाकीची कारणे हौशीची आहेत.

गळती ओळखणे

मॅनिफोल्डची गळती बहुधा आवाजावरून कळते. पहाटे थंड गाडी सुरू केली की टिक-टिक असा कोरडा, वेगाबरोबर वाढणारा आवाज येतो आणि पाच-सात मिनिटांत मंदावतो. धातू तापून फुगतो, फट बुजते, म्हणून आवाज जातो. यामुळेच दुपारी गॅरेजमध्ये नेलेली गाडी ‘ठीक आहे’ म्हणून परत येते. गाडी संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवून सकाळी मेकॅनिकसमोरच सुरू करणे हा यावर सोपा उपाय. टॅपेट आणि इंजेक्टरच्या सीलची गळतीही असाच आवाज करते, म्हणून फक्त कानावर विसंबू नये. मॅनिफोल्डच्या जोडावर, पॅकिंगच्या कडेला किंवा हीट शील्डच्या आतल्या बाजूला पिसाऱ्यासारखा पसरलेला काजळीचा काळा डाग दिसला की गळती नक्की झाली. एक्झॉस्टमध्ये मागून हलक्या दाबाने हवा सोडून जोडांवर साबणाचे पाणी लावले तर बुडबुडे जागा दाखवतात. हे इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचे.

टर्बोच्या आधी वायू निसटला की टर्बोला जोर कमी पडतो. चढावर काळा धूर येतो, पिकअप उशिरा मिळतो, मायलेज घटते. मात्र हीच लक्षणे इंटरकूलरचा फाटलेला होज, सैल क्लिप, चिकटलेला व्हीजीटी अ‍ॅक्च्युएटर आणि धुळीने बसलेला एअर फिल्टर यांचीही असतात. जिल्ह्यातल्या कच्च्या रस्त्यांवरची धूळ पाहता एअर फिल्टर आणि होज आधी तपासणे स्वस्तात पडते. मॅनिफोल्ड काढण्याच्या मजुरीत चार-पाच एअर फिल्टर येतील.

पेट्रोल गाडीत गळतीचा एक धोका वेगळा आहे. निसटलेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि इंजिनाच्या मागच्या भिंतीतून एसीच्या हवेबरोबर तो आत येऊ शकतो. गाडीत जळका वास आणि डोकेदुखी एकत्र जाणवली तर काचा उघडून गाडी थेट गॅरेजला न्यावी. मॅनिफोल्डचा निर्णय पुढच्या आठवड्यावर ढकलू नये.

गळती सापडली तरी तिचे मूळ मॅनिफोल्डमध्ये असेलच असे नाही, आणि इथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात. टर्बोच्या पुढे डाउनपाइप असतो आणि त्यात जाळीचा लवचिक तुकडा, म्हणजे फ्लेक्स पाइप, बसवलेला असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, सायलेन्सर गाडीच्या बुडाला टांगलेला असतो. दोघांमधली हालचाल हा लवचिक तुकडा सोसतो. तो गंजून ताठ झाला, किंवा त्याच्या जागी कुणी साधा पाइप वेल्ड करून बसवला, किंवा माउंटिंगचे रबर बसले, तर रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट मॅनिफोल्डच्या स्टडवर येतो. स्टड एकेक करून तुटतात, फट पडते, पॅकिंग जळते. नवा मॅनिफोल्ड बसवूनही तीन महिन्यांत तेच होते आणि दोष मात्र नव्या मॅनिफोल्डच्या माथी बसतो. धडगाव-मोलगीकडे नियमित जाणाऱ्या गाडीत माउंटिंग, फ्लेक्स पाइप आणि सायलेन्सरचे हँगर पाहिल्याशिवाय मॅनिफोल्ड विकत घेऊ नये.

कोणता घ्यावा

बाजारात तीन प्रकार मिळतात: ओतीव बिडाचा, ओतीव पोलादाचा आणि स्टेनलेस नळ्या वेल्ड केलेला. यांतला खरा फरक उष्णता सोसण्याचा आणि फुगण्याचा आहे. डिझेल गाडीत पूर्ण लोडवर टर्बोच्या तोंडाशी वायूचे तापमान साधारण ७५० ते ८५० अंशांपर्यंत जाते. टर्बो पेट्रोलमध्ये ते ९५० किंवा त्याहून अधिक होते. साधे करडे बीड एवढा ताप फार काळ सोसत नाही. म्हणून कारखान्यातून येणाऱ्या डिझेल मॅनिफोल्डसाठी बहुधा सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम मिसळलेले लवचिक बीड वापरतात. ते साधारण ८५० अंशांपर्यंत टिकते. त्याच्या पुढे भरपूर निकेल असलेले बीड आणि शेवटी ओतीव स्टेनलेस पोलाद. पेट्रोल गाडीचा मॅनिफोल्ड डिझेलच्या मानाने महाग असतो तो याच कारणाने.

फुगण्याचा हिशेब साधा आहे. ४० सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ७०० अंशांनी तापला तर सुमारे ३.३ मिलिमीटरने लांब होतो. तेवढ्याच लांबीचा नेहमीच्या स्टेनलेसचा मॅनिफोल्ड सुमारे ५ मिलिमीटरने वाढतो. दरम्यान अ‍ॅल्युमिनियमचे हेड कूलंटमुळे शंभर अंशांच्या आसपासच असते आणि अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या वर वाढत नाही. हा फरक कुठेतरी जिरावा लागतो. चांगल्या मॅनिफोल्डमध्ये टोकाकडची भोके स्टडपेक्षा मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात, म्हणजे धातू सरकू शकतो. काही मॅनिफोल्डचा पट्टा सिलिंडरांमध्ये मुद्दाम कापलेला असतो. स्वस्त नक्कलेत भोके सगळी एका मापाची, गोल आणि घट्ट असतात. दुकानातच कंपनीचे पॅकिंग मॅनिफोल्डवर ठेवून पाहिले की हे दिसते.

नळ्यांचा स्टेनलेस मॅनिफोल्ड दिसायला देखणा असतो, यात वाद नाही. त्याची नळी दीड-दोन मिलिमीटर जाडीची असते, वजन कमी असते, थंड इंजिनात तो लवकर तापतो. पण त्याला टर्बोचे पाच-सहा किलो वजन, वरून डाउनपाइपचा ओढा आणि रस्त्याचे हिसके सोसायचे असतात आणि ते सगळे नळी जिथे पट्टीला वेल्ड केली आहे तिथे एकवटते. तडा नेमका तिथेच पडतो. नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेसला आणखी एक अडचण आहे: साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात तो दीर्घकाळ राहिला की धातूच्या कणांच्या सीमा कमजोर होतात. रोजची गाडी घाटात नेमकी याच पट्ट्यात असते. टिटॅनियम मिसळलेला ३२१ किंवा नायोबियम मिसळलेला ३४७ हा त्यावरचा उपाय, पण तो महाग असतो आणि विकणारा ३०४ लाच ‘बेस्ट क्वालिटी’ म्हणतो. एवढे करूनही असा मॅनिफोल्ड बसवायचाच असेल तर टर्बोला इंजिन ब्लॉकपासून वेगळा आधार हवा आणि टिग वेल्डिंग करताना नळीच्या आत आर्गन वायू सोडलेला हवा. तो न सोडता केलेल्या वेल्डच्या आतल्या बाजूला काळे, खडबडीत कवच धरते. ते कधीतरी सुटते. मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेऱ्या मारणाऱ्या टर्बाइनच्या चाकावर असा एक कण आदळला तरी पाते मोडते.

त्यामुळे रोजच्या गाडीसाठी पहिली पसंती कंपनीचा किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकाचा ओतीव मॅनिफोल्ड. त्याच इंजिनाच्या नंतरच्या आवृत्तीत कंपनीने तो सुधारला असेल तर सुधारित पार्ट नंबरचा घ्यावा. अपग्रेड म्हणून हा बदल दिसत नाही, पण खरा फायदा त्यातच आहे. पार्ट नंबर चासी नंबरवरून काढून घ्यावा. एकाच नावाच्या गाडीत बीएस-४ आणि बीएस-६ चे मॅनिफोल्ड वेगळे असतात, ईजीआरचे (जळक्या वायूचा काही भाग परत इंजिनात नेणाऱ्या यंत्रणेचे) तोंड आणि तापमानाच्या सेन्सरचे आटे बदललेले असतात. भंगारातून काढलेला ओरिजिनल मॅनिफोल्ड हाही पर्याय आहे, फक्त तो आधी वायर ब्रशने साफ करून नळ्यांच्या सांध्यांत आणि टर्बोच्या तोंडाशी केसासारखे तडे शोधावेत. लेथवर त्याचा पृष्ठभाग फेस करून घ्यावा.

तडकलेला बिडाचा मॅनिफोल्ड वेल्ड करून देणारे मिस्त्री सगळीकडे सापडतात. बिडाचे वेल्डिंग निकेलच्या रॉडने, आधी तुकडा तापवून आणि नंतर राखेत किंवा वाळूत हळूहळू थंड करूनच धरते. तरीही ते दर तापण्या-थंड होण्यासरशी शेजारून पुन्हा तडकते. नवा भाग सुरत किंवा धुळ्याहून येईपर्यंत गाडी चालवण्यापुरते हे ठीक, कायमचे नाही. आतला स्लॅग नीट साफ झाला नसेल तर तेवढेही नाही.

बसवणे

काम सुरू करण्याच्या आदल्या संध्याकाळी, गाडी थंड झाल्यावर, सगळ्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. सकाळी पुन्हा एकदा. अडलेला नट जोर लावून फिरवला की स्टड हेडमध्येच तुटतो आणि दोन तासांचे काम दोन दिवसांचे होते. नट गॅसवर तापवून, थोडा निवल्यावर मागे-पुढे करत काढावा. जवळच्या डिझेल पाइपला आणि वायरिंगला पत्र्याची आड लावावी. अ‍ॅल्युमिनियमचे हेड मात्र कधीही थेट तापवू नये. स्टड तुटलाच तर उरलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड करणे ही नामी युक्ती: वेल्डची उष्णता स्टड सोडवते आणि पान्याला पकडही मिळते. हेडमधले आटे गेले असतील तर मोठ्या मापाचे नवे आटे पाडण्यापेक्षा स्टीलचे इन्सर्ट बसवावे. अ‍ॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षाही ते मजबूत असते.

मॅनिफोल्ड निघाला की हेडच्या तोंडांत चिंध्या कोंबून मगच पृष्ठभाग खरवडावा. तुटका पॅकिंगचा तुकडा सिलिंडरमध्ये गेला तर तो टर्बोमार्गेच बाहेर येईल. सरळ स्टीलची पट्टी हेडवर आणि मॅनिफोल्डवर धरून फीलर गेजने फट पाहावी. किती चालेल ते त्या इंजिनाचे मॅन्युअल सांगते. पट्टीखाली ०.१ मिलिमीटरचे पाते सहज शिरत असेल तर फेसिंगचा विचार करण्याइतपत ते वाकलेले आहे. पॅकिंग नवे, बहुपदरी स्टीलचे घ्यावे. स्टड आणि नट नवेच हवेत, तेही उष्णतेसाठीचे, बहुधा तांब्याचा मुलामा असलेले. बाजारातला साधा एम-८ नट स्वस्त पडतो, पण तो पहिल्या उन्हाळ्यानंतर पुन्हा काढता येत नाही. पॅकिंगवर सिलिकॉन लावण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. टर्बोच्या आधीच्या जोडावर ते लगेच जळते, आणि पेट्रोल गाडीत त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करू शकते. कोरडे पॅकिंग, सपाट पृष्ठभाग आणि सारखा दाब एवढ्यावरच जोड टिकतो.

नट मधल्या सिलिंडरपासून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन किंवा तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. एम-८ स्टडला बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात. अंतिम आकडा मॅन्युअलचा. ‘हातात बसले तेवढे’ या मापात टोकाचे नट नेहमी जास्त आवळले जातात, कारण तिथे हात पोचतो, आणि नेमके तिथेच मॅनिफोल्डला सरकायला जागा हवी असते. आट्यांना उष्णतेत टिकणारे निकेलचे ग्रीस लावले तर त्याच टॉर्कला दाब जास्त बसतो, हे लक्षात ठेवून मॅन्युअलमध्ये कोरड्या आट्यांचा आकडा दिला आहे का ते पाहावे.

टर्बोच्या तेलाचा पाइप काढला असेल तर त्याच्या बँजो बोल्टचे दोन्ही तांब्याचे वॉशर बदलावेत. परतीचा पाइप खालच्या दिशेने, कुठेही न दबता गेला पाहिजे. पुन्हा जोडण्याआधी टर्बोच्या तेलाच्या भोकात स्वच्छ इंजिन ऑइल ओतून चाक हाताने फिरवावे. मग इंधन बंद ठेवून स्टार्टर थोडा-थोडा मारून दाब येऊ द्यावा आणि नंतरच इंजिन सुरू करून काही मिनिटे आयडलवर ठेवावे. कोरड्या बेअरिंगवर सुरू झालेला टर्बो पहिल्याच मिनिटात खराब होतो.

हीट शील्डचा पत्रा सगळ्या स्क्रूंसह परत बसवणे आवश्यक आहे. ‘आवाज करतो’ म्हणून तो काढून फेकलेल्या गाड्या कमी नाहीत. त्या पत्र्याविना शेजारच्या रबरी होज आणि वायरिंगचे आयुष्य झपाट्याने घटते. त्याच्याऐवजी मॅनिफोल्डवर गुंडाळण्याची फायबरची पट्टी घालण्याचा मोह रोजच्या गाडीत टाळावा: ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि घाटात धातूला श्वास घेऊ देत नाही, त्यामुळे गंज आणि तडा दोन्हींना आमंत्रण मिळते. कापसाच्या आणि उसाच्या शेतांतून जाणाऱ्या गाडीने आणखी एक काळजी घ्यावी. पऱ्हाटीची काडी, उसाचे पाचट खालून डाउनपाइपजवळ अडकते. हीट शील्ड नसलेल्या गाडीत ते पेटायला फार वेळ लागत नाही.

कायदा आणि कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच मर्यादा ठामपणे अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कंपनीच्या पार्ट नंबरचा किंवा त्याच मापाचा, त्याच जागी बसणारा मॅनिफोल्ड ही दुरुस्ती आहे. ईजीआरचे तोंड बंद केलेला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) उडवणारा मॅनिफोल्ड-डाउनपाइपचा संच हा बदल आहे, मग बिलावर काहीही लिहिलेले असो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हा प्रश्न नुसता कायद्याचा नाही. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी वायू सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावा लागतो. मॅनिफोल्डमधून गळती असेल, किंवा पातळ नळ्यांतून उष्णता वाटेतच निघून जात असेल, तर ते तापमान पुरेसे येत नाही, काजळी साचत जाते, दिवा पेटतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते. नंदुरबार गावात रोज दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीला हा त्रास आधीच असतो. तिला महिन्यातून एकदा महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे सलग पळवणे, हा मॅनिफोल्ड बदलण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

वॉरंटीत असलेल्या गाडीचा मॅनिफोल्ड बाहेर बदलू नये. तडा हा ओतकामाचा दोष ठरू शकतो आणि तो कंपनीने बदलून द्यायला हवा. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल आगीच्या किंवा अपघाताच्या दाव्यात अडचण ठरतो. साध्या बदलीच्या बाबतीतही पार्ट नंबर लिहिलेले जीएसटी बिल जपून ठेवलेले बरे.

काम झाल्यावर पहिला तास गाडी सपाटीवर, फार रेस न देता चालवावी. सुरुवातीच्या काही तापण्या-थंड होण्यात धूर आणि जळका वास येतो तो नव्या नटांवरच्या तेलाचा आणि पॅकिंगवरच्या थराचा. दुसऱ्या दिवशीही तो राहिला तर जोड पुन्हा पाहावा. ५०० ते १,००० किलोमीटर झाल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, मॅन्युअल परवानगी देत असेल तरच नटांचा टॉर्क पुन्हा तपासावा. घाट चढून वर पोचल्यावर चावी लगेच फिरवू नये. शेवटचा एखादा किलोमीटर हलक्या पायाने चालवून मिनिटभर आयडलवर ठेवले की टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जळत नाही आणि मॅनिफोल्डही एकदम निवत नाही. दुरुस्तीनंतर पीयूसी मुदतीत असली तरी एकदा केंद्रावर नेऊन आकडे पाहावेत. डिझेलच्या धुराची घनता किंवा पेट्रोलचा कार्बन मोनॉक्साइड जुन्या प्रमाणपत्रातल्या आकड्यापेक्षा वाढला असेल तर गळती अजून कुठेतरी आहे किंवा होज नीट बसलेला नाही, आणि गाडी पुन्हा त्याच मेकॅनिककडे न्यावी लागते.